दार वर कसं जाईल?

— नाय नाय, ती खुर्ची नको साहेब, तिचा पाय हलतो. ही घ्या, खिडकीजवळची, ऊन येतं पण स्क्रीन नीट दिसते. आणि बूट काढायचे नाय, क्लास हाय हा, देऊळ नाय. हां, तर तुम्ही सांगत होता — पेणहून वेळेवर निघालात नि नागोठण्याला अडकलात. अडकणारच! तो रस्ता काय आज खोदलाय? पण आलात ना, बास. दुपारची पोरं यायला अवकाश हाय अजून, धाटावच्या कारखान्यांची पहिली शिफ्ट सुटली की येतात ती, डबे हातात तसेच घेऊन, अंगाला केमिकलचा वास. तोवर आपण दोघंच. पंखा वाढवू? — तुम्ही फोनवर म्हणालात, 'मॅडम, मला मोठं काय शिकायचं नाय, भाषणात दाखवायला हलणारं चित्र करता आलं म्हणजे झालं.' मी तेव्हाच मनात म्हटलं, ह्यांना दारच शिकवायचं. सगळ्यांना मी पहिलं दारच शिकवते, पण तुम्हाला अगदी मन लावून शिकवणार. आणि मॅडम नको, दिपिका म्हणा. मूळची? वडखळच्या पुढं, खाडीकाठचं गाव. बाप मिठागरावर. असू दे ते, मागाहून येऊच तिथं.

माऊस धरता येतो ना? कंपनीत उभं आयुष्य काढलंत, येतच असणार. मधलं चाक दाबून धरा — फिरलं ना चित्र? असं चारी बाजूंनी बघता येतं, वरनं, खालनं, भिंतीच्या मागनं सुद्धा, माणसाला जिथनं कधी बघायला मिळत नाय तिथनं. आता ही चौकट आणि हे दार, दोन वेगळे भाग. कागदावर आपण एका रेघेत दोन्ही काढून मोकळे होतो, इथं दार वेगळं घडवायचं नि चौकट वेगळी. ओढा बघू दार. ओढा हो, मोडत नाय! — बघितलंत? चौकट पण आली मागनं! हसू नका, पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं. का, तर चौकटीला आपण सांगितलंच नाय की बये, तू जागची हलू नको. त्याला ग्राउंड करणं म्हणतात. उजवं बटण, ते तिथं, खालचं — हां. आता कितीही ओढा, ती हलायची नाय. आता ह्या दोघांचा जॉइंट लावायचा. घरात कसं, सुतारानं बिजागरी ठोकली की दार आपलं आपण फिरतं. इथं नुसती बिजागरी काढलीत तर ती शोभेची. इथं पिनेचं टोक दाखवायचं, मग दारावरच्या नळीचं भोक दाखवायचं, आणि मशीनला सांगायचं की ही नळी ह्या पिनेवर बसली आणि इथनं पुढं ती एवढी एवढीच हालचाल करू शकते. तेवढं सांगणं म्हणजे जॉइंट. बघा, यादी उघडली. रिजिड म्हणजे घट्ट, हलायचंच नाय. रिव्होल्यूट म्हणजे फिरायचं, बाकी काय नाय. सिलिंड्रिकल म्हणजे फिरायचं आणि पिनेवरनं वर-खाली सरकायचं पण. दाराला कोणता लावाल? — रिव्होल्यूट. वा! न अडखळता बोललात. इंजिनिअर माणूस शेवटी. लावा रिव्होल्यूट. ओढा आता. कसं फिरतं बघा, लोण्यासारखं. जरा जास्तच फिरतंय, भिंतीतनं आरपार जातंय भुतागत, कारण लिमिट दिली नाय आपण. लिमिट द्या, कुठनं कुठवर उघडायचं ते. झालं! शहाणं दार झालं तुमचं. उघडतं, मिटतं, थांबायचं तिथं थांबतं. कुणाच्या अंगावर म्हणून येत नाय.

काय बघताय एवढं? जाड हाय ना. लाकडाचं नाय ते, दोन बाजूंना पत्रे नि मधे उष्णता धरायला लोकर भरलेली. दोन माणसांना उचलेना असलं दार. ती कडी बघा, लांब, वाकवलेली — मूळची तुटली तेव्हा तुमच्या वर्कशॉपमध्ये पाईप वाकवून बसवलेली. मी तशीच काढलीय. आता ओळखलंत? ओळखलंत तुम्ही, कानशिलं लाल झाली तुमची. धाटावच्या तुमच्या कंपनीतला, मागच्या प्लांटमधला ड्रायर. ओली पावडर ट्रेमध्ये भरायची, ट्रे ट्रॉलीवर, ट्रॉली आत ढकलायची नि वाळली की बाहेर ओढायची — तो ड्रायर. बसा. बसा म्हणते ना टिपणीस साहेब, धडा संपला नाय अजून. तुम्ही फोनवर माझं आडनाव विचारलं नाय आणि मी पण सांगितलं नाय. घरत. दिपिका घरत. धनेश घरतची थोरली बहीण. मेंटेनन्सचे साहेब होता तुम्ही तेव्हा, आणि धनेश नवा लागलेला, तुमच्या कँटीनच्या भज्यांचं घरी येऊन कौतुक करायचा.

पाणी पिता? प्या. — हां, तर धनेश. आमच्या घरात पहिला कंपनीत लागलेला माणूस. सुट्टीच्या दिवशी खाडीत पाग टाकायचा. पाग माहितेय ना तुम्हाला, पेणचे तुम्ही, गोल जाळं, दोन्ही हातांनी झोकून द्यायचं, हवेतच ताटाएवढं, मग अंगणाएवढं पसरतं. त्याचा पाग पडायचा तर बांधावरची माणसं थांबून बघायची. आमची आई म्हणायची, 'दिपे गो, पोराचे हात बग, बापाचेच हायेत.' तो हात. उजवा. कोपरापासनं खाली. त्या दिवशी पहिली शिफ्ट होती, ट्रॉली बाहेर काढायला त्यानं दार ओढलं आणि दार आलं अंगावर, दार नि ट्रॉलीच्या मधे हात. दवाखान्यात शुद्धीवर आला तर पहिलं काय बोलला असेल? हात कुठाय, असं नाय विचारलं. म्हणाला, 'ताय, दार वर गेलं. आदी वर गेलं नी मंग अंगाव आलं.' तेच परत परत. औषधांच्या गुंगीत बोलतोय म्हणाले सगळे. मग चौकशी बसली. मी गेलेले त्याच्याबरोबर, त्याच्या शर्टाची बटणं लावून, बाहीची टोकं आत मुडपून. तुम्हाला मी आठवत नसणार, दारापाशी उभी होते, कुणी बस म्हटलं नाय. त्यानं तिथं पण तेच सांगितलं, दार वर गेलं. आणि तुम्ही — चष्मा काढलात, पुसलात, बाकीच्यांकडं बघून हसलात आणि म्हणालात, 'दार वर कसं जाईल? दार आहे की पतंग?' सगळे हसले. तो चहा घेऊन आलेला माणूस पण हसला. तुम्ही फळ्यावर चित्र काढलंत, चौकट, दार, बिजागरी, आणि बाण काढून समजावलंत की दार फिरतं, फक्त फिरतं, कामगारानं नको तेवढं हिसकलं म्हणून निखळलं. रिव्होल्यूट! तेव्हा तो शब्द मला ठाऊक नव्हता. झाली चौकशी. धनेशची चूक.

मी काय होते तेव्हा, सांगू? बी.ए. झालेली, पेणला साड्यांच्या दुकानात घड्या घालत होते. त्या रात्री नाय, दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात घडी घालता घालता मला तुमचं हसणं ऐकू आलं. अगदी कानात. घडी चुकली. आणि मी ठरवलं की ह्या माणसानं फळ्यावर काढलं ना दार, मी पण काढीन, आणि माझं दार हलेल. इथं रोह्याला क्लास लावला, दुकान सोडलं, लोक म्हणाले पोरगी भावाच्या दुःखानं भरकटली. म्हणू देत. पोरं मिक्सर काढायची, खुर्च्या काढायची, मी दार काढायची. सर म्हणायचे, 'घरत, आता दुसरं काय तरी घे.' मी दुसरं पण केलं, सगळं केलं, सर पुण्याला गेले तेव्हा क्लास माझ्या हातात देऊन गेले, एवढं केलं. पण रोज एकदा हे दार उघडायची. कित्येक महिने ते नुसतं फिरायचं. फिरायचं नि मिटायचं, तुमच्या फळ्यावरच्यासारखं. मला वाटायला लागलेलं, खरंच गुंगीत बोलला असेल धनेश. मग मीच त्याच्या सोबतच्या माणसांना गाठलं, हिरामण म्हणून होता, ट्रॉलीच्या दुसऱ्या बाजूला उभा होता तो. त्याला नोकरी राखायची होती, तेव्हा गप्प बसला. सोडून गावी शेती करायला लागला तेव्हा बोलला. आणि त्यानं एक शब्द सांगितला. कॉलर.

मान खाली नका घालू, स्क्रीनकडं बघा. ही पिन, चौकटीवर उभी. ही दारावरची नळी, वरनं तिच्यावर बसवलेली. आणि नळीच्या वर पिनेला हे लोखंडी कडं, स्क्रूनं आवळलेलं, म्हणजे दार वर सरकू नये. ही कॉलर. दोन बिजागऱ्या, दोन कॉलर. ड्रायर धुवायला दार उतरवायचं तर आधी ह्या सोडवायच्या, परत लावायच्या, वेळ जायचा. तर साहेबांनी सांगितलं, काढूनच टाका, दार जड आहे, आपल्या वजनानं बसेल. साहेब म्हणजे तुम्ही. कॉलर काढल्यावर राहिलं काय, सांगा? फिरतं आणि वर पण सरकतं. सिलिंड्रिकल! यादीतला तिसरा. लावा. लावा ना — माऊस का सोडलात? मी लावते. आता बघा, ही खालची फरशी. त्याच उन्हाळ्यात तुम्ही ॲसिडनं न झिजणारी नवी फरशी बसवून घेतली, पाणी गटाराकडं जायला उतार दिला, आणि दाराच्या बाजूला झाला चढ. त्यात ट्रॉली आणल्या रुंद. जुन्या ट्रॉलीला दार अर्धं उघडलं तरी पुरायचं, नव्यांना पार भिंतीपर्यंत ओढावं लागायचं. आता इथं एक बटण हाय, कॉन्टॅक्ट, ते नाय दाबलं तर वस्तू एकमेकांतनं आरपार जातात, फळ्यावरच्यासारख्या. हे मी दाबलं. आता दार फरशीला लागलं तर लागेल. ओढा. तुम्हीच ओढा, मी हात लावणार नाय. हळू. अर्धं — काय झालं नाय. अजून. — लागली खालची कड फरशीला? चढतंय बघा. ओढा अजून, ट्रॉली निघत नाय अजून, ओढायलाच लागणार. बघा पिनेकडं. बघा! वर जातंय.

वर गेलं ना साहेब? पतंगासारखं?

ते नका बंद करू. नळी पिनेवरनं सुटली, आता पडू दे. तुम्ही एकदाच बघताय, मी किती वेळा बघितलंय. तिथं ट्रॉलीपाशी मी माणूस काढलेला आधी, धनेशच्या उंचीचा. मग पुसला. मला झेपेना.

आता ऐका, मी हे कशाला दाखवलं. सोमवारी धाटावच्या हॉलमध्ये सुरक्षेचा कार्यक्रम. कंपन्या-कंपन्यांचे कामगार येणार. प्रमुख वक्ते, सुरक्षा सल्लागार श्री. महादेव टिपणीस. नाक्यावर फलक लागलाय, फोटो छान आलाय तुमचा. मी तो फलक बघितला तेव्हा तिथंच रिक्षातनं उतरले, उभी राहिले, सुरक्षा हा शब्द चार वेळा वाचला. निवृत्त झाल्यावर हाच धंदा मिळाला तुम्हाला! आणि प्रोजेक्टर कुठनं जातो हॉलला? आमच्या क्लासमधनं. लावणार कोण? मी. तुम्ही बोलायला उभे राहिलात, 'बंधूंनो' म्हणालात, की तुमच्या मागं पडद्यावर हे दार. तुमच्या पाठीमागं. तुम्हाला दिसणार नाय, समोरच्यांना दिसणार. उघडेल, चढेल, वर जाईल, पडेल, परत उघडेल. आणि खाली नाव, तारीख, कॉलर कुणी काढली ते. मला हेच पाहिजे होतं, तुम्ही काय तरी बोलत असताना शंभर माणसांनी तुमच्याकडं बघायचं नि तुम्हाला कळायचं नाय का बघतायत. एवढ्यावर मी जगले साहेब. लग्नाला नाय म्हटलं, आईचं ऐकलं नाय, ह्या एका दुपारसाठी. आणि तुम्ही स्वतःच फोन केलात! फोन ठेवल्यावर मी देवापुढं साखर ठेवली, खरं सांगते. म्हटलं सोमवारच्या आधी एकदा साहेबांच्याच हातानं ओढवून घेऊ.

काय?

परत बोला. — धनेशनं? माझा नंबर धनेशनं दिला?

थांबा. कुठं भेटला तुम्हाला? हमरापूरला. व्हय, तिथंच असतो तो, गणपतीच्या कारखान्यात. डोळे काढतो मूर्तींचे, डाव्या हातानं, शिकला. तुम्ही घरचा गणपती सांगायला गेलात — आणि ओळखलं नाय तुम्ही त्याला, बरोबर ना? त्यानं ओळखलं. तुम्हाला बसवलं. चहा पाजला... चहा पाजला! आणि काय म्हणाला? सगळं सांगा, शब्द न् शब्द. — 'माझ्याजवळ काय बोलू नका, माझं काय राहिलं नाय तुमच्याकडं. तायकडं जा. तिच्याकडं ते दार हाय, ते बघून या. ती सुटंल.'

ती सुटंल.

म्हणजे तुम्हाला जिना चढतानाच ठाऊक होतं. मी आडनाव लपवत होते, वडखळच्या पुढं वडखळच्या पुढं करत होते आणि तुम्ही इथं खुर्चीत बसून मुकाट रिव्होल्यूट लावत होता — कशाला? मला बोलू द्यायला? दया केलीत माझ्यावर? तुम्ही आणि तो, दोघांनी चहा पिऊन ठरवलंत, दिपीला बरं वाटू दे! तो मला सहा-सहा महिने फोन करत नाय, साहेब. मी हे दार त्याला दाखवलेलं, मोठ्या कौतुकानं, बघ, तू खरं बोलत होतास बघ म्हणून. उठून गेला. म्हणाला, 'ताय, मी तिथं होतो, मला कशाला दाखवतीस?' त्यानंतर घरी आला तो गौरीगणपतीला, तेही आईसाठी. आणि तुम्हाला चहा पाजतो! तुमच्या गणपतीचे डोळे काढणार हाय का? — काढणार. सगळ्यात आधी काढून देतो म्हणाला. असाच हाय तो, लहानपणापासनं असाच, कुणी मारलं तरी घरी येऊन सांगायचा नाय. मीच जायची त्या पोरांच्या दारात भांडायला.

रडू नका. नाय, खरंच रडू नका, मला राग येतो. तुम्ही रडलात की मी वाईट ठरते. माफ त्यानं केलं असेल, त्याचा हात गेला, त्याचा हक्क हाय. मी नाय केलं. दवाखान्याच्या बाकावर मी बसलेले, चौकशीच्या दारात मी उभी होते, ते हसणं माझ्या कानात हाय, त्याच्या नाय. त्यानं मला विचारून माफ केलं नाय आणि मी त्याला विचारून थांबणार नाय. — काय म्हणता? सोमवारी कार्यक्रमाला जात नाय? आजारी आहे म्हणून कळवता? वा, वा! मग मी त्या पडद्यावर काय दाखवू, रिकाम्या माईकच्या मागं? तुम्ही घरी पांघरूण घेऊन पडणार नि लोक म्हणणार, बिचारे टिपणीस साहेब. अजिबात नाय. तुम्ही जायचं. आणि आता मी पाठीमागनं काय दाखवणार नाय. ते तुम्हाला सोपं जाईल, लोक म्हणतील बाईनं डाव साधला. लॅपटॉप तुमच्यापुढं ठेवणार. तुम्ही उभं राहायचं, तुमच्या हातानं दार ओढायचं, आणि तोंडानं सांगायचं, ही कॉलर मी काढायला लावली, फरशी मी बसवली, चौकशीत मी हसलो, आणि तो पोरगा खरं बोलत होता. नावासकट. धनेश घरत खरं बोलत होता. हे वाक्य मला माईकवर ऐकायचंय. त्याला नसेल ऐकायचं, मला ऐकायचंय.

जमणार नाय म्हणता? जमेल. मी शिकवीन ना. उद्या या, परवा या, रोज या, चौकट ग्राउंड करण्यापासनं तुमच्याकडनं घोटून घेते. माझं काढलेलं दार दाखवायचं नाय तिथं, तुम्ही स्वतः काढायचं. प्रत्येक पत्रा, प्रत्येक स्क्रू. कॉलर आधी बसवायची नि मग तुमच्या हातानं काढायची. आणि बाजूला माणूस पण काढायचा. मला नाय झेपला, तुम्ही काढायचा, उंची मी सांगते. — ती बघा, पोरं आली खाली, जिन्यावर आवाज येतोय. डोळे पुसा. त्यांच्यात दोघं तुमच्याच कंपनीतले हायेत, मागच्या प्लांटवरचे. त्यांना काय सांगू, कोण आलंय म्हणून? नवीन विद्यार्थी, एवढंच सांगते आज.

उठा आता. उद्या ह्याच वेळेला. नाय आलात तर मी पेणला येईन तुमच्या घरी, घरच्यांसमोर लावीन दार, एवढं लक्षात ठेवा. — हे काय? नाय. नाय साहेब, ते नका करू. हात जोडू नका माझ्यापुढं. खाली करा. तुम्हाला जोडता येतात ना ते अजून, दोन्ही — तेच मला बघवत नाय. खाली करा म्हटलं ना! जा.